तेथे काहीच नाही!

नाताळ आटोपल्यावर एका मंगळवारी सकाळी आम्ही भुईगावच्या समुद्रावर निघालो होतो. मुंबईहून आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या एका पाहुण्यांनी पायांत चपला सरकवता सरकवता विचारले, "पण तेथे आहे तरी काय?" आम्ही सहज उत्तरलो, "काहीच नाही." त्यावर ते थबकले आणि म्हणाले, "मग जायचे कशाला?"

प्रश्न निरागस होता. तथापि तो आमच्या मनातून काही केल्या जाईना. कारण हाच प्रश्न गेली काही वर्षे आम्ही निरनिराळ्या तोंडांतून ऐकत आलो आहोत. जमिनीचे दलाल तो विचारतात, पर्यटन विकासाच्या गोष्टी करणारे पुढारी विचारतात आणि आता आपल्या वाड्यांतील, आपल्याच धर्मग्रामांतील शिकलेली मंडळीही विचारू लागली आहेत. ‘तेथे काहीच नाही’ या तीन शब्दांचा अर्थ हल्ली ‘ती जागा मोकळी पडली आहे, तिचे काहीतरी करा’ असा घेतला जातो. या अर्थाशी आमचे भांडण आहे, आणि ते येथे उघडपणे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम तो किनारा कसा आहे ते सांगतो. वसई रोड स्थानकावर पश्चिमेला उतरून बस वा रिक्षा धरावी. बाजारपेठ व इमारतींची गर्दी मागे पडली की केळीच्या बागा आणि पानवेलींचे मांडव दिसू लागतात. पुढे खाजण लागते. दोन्ही बाजूंना तिवरे आणि चिखलात चोच खुपसून उभे असलेले बगळे. त्यानंतर सुरूंची रांग येते. तिच्यातून पायी पलीकडे गेले की समोर एकदम समुद्र! ओहोटीची वेळ असेल तर पाणी इतके लांब गेलेले असते की ते पाहण्यासाठी डोळ्यांवर हात धरावा लागतो. वाळू पांढरीशुभ्र नाही, काळसर आहे. पाणी निळे नाही, गढूळ आहे. फरसबंदी पदपथ नाही, कारंजे नाही, उंटाची सवारी नाही. एखादी शहाळ्याची गाडी लागलीच तर रविवारी. मंगळवारी सकाळी तेथे आम्ही होतो, शिंपल्या वेचणाऱ्या दोन बायका होत्या आणि हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणाऱ्या कुरव पक्ष्यांचा एक थवा होता. मुंबईसारखे कोट्यवधी माणसांचे महानगर जेथून दोन तासांच्या अंतरावर आहे, तेथे आपल्या पावलांचा आवाज आपल्यालाच ऐकू यावा, याहून मोठी चैन आज कोणती उरली आहे?

आता या ‘काहीच नाही’ची झडती घेऊ.

किनाऱ्यावरची वाळू ही पडून राहिलेली माती नव्हे. ती समुद्राची आणि जमिनीची सामायिक ठेव आहे. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा ती आत ओढून नेतात, हिवाळ्यात शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. ही देवघेव चालू असते तोवर किनारा जागच्या जागी राहतो. भरतीच्या रेषेच्या वर वाळूवर सरपटत जाणारी, जांभळ्या फुलांची एक वेल आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या गाठीगाठींतून मुळे फुटतात व वाळू धरून ठेवतात. आपल्या पूर्वजांनी तिला मर्यादवेल असे नाव दिले. समुद्राने येथवर यावे, पुढे येऊ नये, हे सांगणारी ती वेल! विधात्याने समुद्राला मर्यादा घालून दिली असे जुन्या करारात आपण वाचतो. ती मर्यादा आपल्या किनाऱ्यावर हिरव्या पानांनी लिहिलेली आहे. आपण मात्र ती गाडीच्या चाकांखाली चिरडतो आणि मग समुद्र आत आला म्हणून दगडी बंधाऱ्याची मागणी करतो. बंधाऱ्यावर आपटून मागे फिरणारी लाट समोरची वाळू खरवडून नेते. काही वर्षांत भिंत राहते, किनारा राहत नाही.

वाळूच्या खाली आणखी एक ठेव आहे. किनारपट्टीवर पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते वजनाने हलके असते. भूजलशास्त्राचा एक ठोकताळा असा की समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडे पाणी साठले असेल तर पातळीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ आपल्या बागायतदारांनी नीट ध्यानात घ्यावा. उपसा करून वरचे एक फूट पाणी घालवले, तर खालून चाळीस फुटांपर्यंत खारे पाणी वर सरकण्यास वाट मिळते. आपल्या आजोबांना हे गणित ठाऊक नव्हते. पण त्यांनी बावखले खणली, पावसाचे पाणी साठवले, रहाटाने बेताने उपसले आणि विहिरी गोड ठेवल्या. ज्या पिढीने टँकरवाल्यांना पाणी विकले तिच्या कित्येक विहिरी मचूळ झाल्या. आज किनाऱ्यालगत पोहण्याचे तलाव बांधून, कूपनलिका खोदून, आठवड्याच्या अखेरीस येणाऱ्या शेकडो पाहुण्यांना त्यात डुंबू दिले जाते, तेव्हा ते पाणी कोणाच्या विहिरीतून येते? समुद्र शंभर पावलांवर असताना गोड्या पाण्याचा तलाव बांधणे हा विकास म्हणावयाचा असेल, तर वेडेपणाला आपल्या भाषेत दुसरा शब्द शोधावा लागेल.

इतके सारे जेथे आहे तेथे ‘काहीच नाही’ असे आम्ही आमच्या पाहुण्यांना सांगितले, ही आमची चूक.

या किनाऱ्याविषयी आज आपल्या लोकांत दोन मते आहेत. पहिले मत विकासवाद्यांचे. ते म्हणतात, "किनारा सुशोभित करा, रस्ता थेट वाळूपर्यंत न्या, वाहनतळ करा, रिसॉर्टांना परवानगी द्या, पोरांना रोजगार मिळेल." दुसरे मत कुंपणवाद्यांचे. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या परिसरातील एका बैठकीत ते फार जोरात मांडले गेले. "बाहेरचे लोक येतात, दारू पितात, घाण करतात. वाटेवर फाटक बसवा, पहारेकरी ठेवा, ग्रामस्थांखेरीज कोणाला आत सोडू नका." या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत आमचे स्नेही होते, नातलग होते. म्हणूनच हे लिहिताना लेखणी जड होते. पण लिहिल्यावाचून राहवत नाही. आमचा या दोन्ही मतांना विरोध आहे. दोन्ही मते वरवर एकमेकांविरुद्ध दिसली तरी त्यांचा पाया एकच आहे. किनारा कोणाच्या तरी मालकीचा आहे, असे दोघेही गृहीत धरतात. एकाला तो विकावयाचा आहे, दुसऱ्याला तो कुलपात ठेवावयाचा आहे.

किनारा कोणाच्याही मालकीचा नाही. हे आमचे भावनेच्या भरातले विधान नव्हे. वारा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या आहेत, असा नियम रोमन सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायदेग्रंथात नोंदला गेला. चौदाशे साठाहून अधिक वर्षांनी, १९९६ च्या डिसेंबरात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या एका प्रकरणात हेच तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. शासन अशा संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव विकून खाता येत नाही.

हे तत्त्व केवळ पुस्तकात राहिले असेही नाही. गोव्यात दोना पावलाजवळ वाइंगिणीचा छोटासा किनारा आहे. तेथे एक मोठे हॉटेल उभे राहिले. किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट मोकळी ठेवावी अशी अट असतानाही बांधकामाने ती अडली. तेथील नागरिक न्यायालयात गेले. वर्षांमागून वर्षे गेली. पण मुंबई उच्च न्यायालयाने व शेवटी २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या वाटेच्या बाजूने निकाल दिला. एका पायवाटेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजणारी ही साधी माणसे आपल्यासारखीच किनाऱ्यावर राहणारी होती. ती जी वाट उघडण्यासाठी झगडली, तीच वाट आपण फाटक घालून बंद करण्याचा ठराव मांडणार काय?

कुंपणवाद्यांची तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. सोमवारी सकाळी सुरूंखाली फुटलेल्या बाटल्यांचा जो खच पडतो तो आम्हीही पाहिला आहे. वाळूवर भरधाव गाड्या पळवणारे तरुण पाहिले आहेत. संध्याकाळी एकट्या मुलीला तेथे जाण्याची भीती वाटावी अशी स्थिती कधी कधी असते, हेही खरे. परंतु आम्ही चार प्रश्न विचारतो. त्या बाटल्या येतात कोठून? किनाऱ्याच्या वाटेवर दारू विकणारी दुकाने कोणाच्या गाळ्यांत भाड्याने आहेत? रिसॉर्टे उभी राहिली त्या वाड्या मुळात कोणी विकल्या? आणि आपल्या लग्नानंतरच्या सहलींत, आपल्या मंडळांच्या स्नेहसंमेलनांत जेवण झाल्यावर थर्माकोलच्या ताटल्या नेमक्या कोठे जातात? मागील वर्षी आम्ही स्वतः एका सहलीला होतो. प्रार्थना झाली, गाणी झाली, उत्तम जेवण झाले. निघताना कचऱ्याची मोठी पिशवी सुरूच्या बुंध्याशी नीट गाठ मारून ठेवली गेली, जणू गाठ मारली की कचरा नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी ती फाडली असणार. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. त्यामुळे ‘बाहेरचे घाण करतात’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार निदान आम्हांला तरी उरलेला नाही.

हे ‘बाहेरचे’ कोण, हेही एकदा पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती आणि तेव्हापासून ती वाढतेच आहे. यांतली असंख्य कुटुंबे नालासोपाऱ्याच्या वा विरारच्या एका खोलीत राहतात. घरातला कर्ता माणूस पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. त्यांच्या मुलांना खेळायला मैदान नाही, बसायला बाग नाही. अशा कुटुंबाने रविवारी भाजी-भाकरीचा डबा बांधून, दोन बसगाड्या बदलून समुद्रावर यावे, आईने चपला काढून पाण्यात पाय बुडवावेत, मुलांनी वाळूचे किल्ले बांधावेत, याला आपण अतिक्रमण म्हणणार? त्या बाईकडे रिसॉर्टच्या प्रवेशशुल्काचे पैसे नाहीत. महाबळेश्वर तिच्या वाट्याला येत नाही. शुल्क न देता, कोणाची परवानगी न मागता जेथे ती तासभर नुसती बसू शकते असे या परिसरात किनाऱ्याखेरीज फार थोडे उरले आहे. विकासवादी तेथे तिकीटखिडकी बसवून तिला बाहेर काढतील, कुंपणवादी फाटक लावून. तिच्या दृष्टीने दोघांत फरक काय?

सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला आपण वांद्र्याला जातो तेव्हा आपण बाहेरचे असतो. सर्व धर्मांचे लोक तेथे लोटतात, रस्ते तुंबतात, मेणबत्त्यांचा आणि कागदांचा कचरा पडतो. वांद्रेकरांनी आपल्याला कधी फाटकावर अडविले आहे काय? आणि ज्या सुरूंच्या सावलीत बसून आपण ‘आपल्या’ किनाऱ्याचा अभिमान मिरवतो, ते झाड तरी इथले कोठे आहे? ते समुद्रापलीकडच्या देशांतून आले, येथे लावले गेले आणि आता वाळू व वारा अडवून आपल्या बागा राखते. बाहेरून येणारे सारेच लुटायला येत नाहीत.

श्रद्धेच्या दृष्टीनेही एक शब्द बोलला पाहिजे. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य किनाऱ्यावर निवडले, पेत्राच्या होडीत बसून किनाऱ्यावर जमलेल्या लोकांना शिकविले आणि पुनरुत्थानानंतर निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला बोलाविले तेही किनाऱ्यावरच. त्या गर्दीत गावचे किती आणि बाहेरचे किती हे कोणी मोजले नव्हते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लावदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीच्या रक्षणाविषयी लिहिताना, सुंदर जागा खाजगी झाल्यामुळे सामान्यांना त्या दुरावतात, ही गोष्ट स्पष्ट शब्दांत दाखवून दिली आहे. त्या परिपत्रकावर आपल्या धर्मग्रामांतून व्याख्याने झाली, तक्ते लावले गेले, बालकांच्या चित्रकला स्पर्धाही झाल्या. मग फाटकाच्या ठरावाला टाळ्या वाजविणारे हात कोणाचे होते?

आता विकासवाद्यांकडे वळू. त्यांचा मुख्य आधार रोजगार. आपल्या मुलांना कामधंदा हवा याविषयी दुमत नाही. परंतु किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांनी कोणता रोजगार दिला याचा हिशेब मांडावा. आपल्या मुलाने पदवी घ्यावी आणि आजोबांनी विकलेल्या वाडीच्या दारावर गणवेश घालून पहारा करावा, हाच तो रोजगार असेल तर तो न मिळालेला बरा. नफा मालकाच्या खिशात, कचरा आपल्या विहिरीशेजारी. कळंब, राजोडी, अर्नाळा या बाजूला काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. तेथे किनाऱ्यालगत बांधकामांची रांग लागली, कित्येकांना अनधिकृत ठरवून त्यांवर हातोडा पडला, वाळूचोरांनी रात्री गाड्या भरून वाळू नेली. खारी वाळू इमारतीतील लोखंड गंजवते, म्हणजे चोरी किनाऱ्याची आणि धोका इमारतीत राहणाऱ्या गरिबाला. गर्दी वाढली, पण जीवरक्षक, धोक्याचे फलक, रुग्णवाहिका यांची व्यवस्था त्या मानाने वाढली नाही. २०१९ च्या धुळवडीला कळंबच्या पाण्यात माणसे बुडून मेली, तेव्हा किनाऱ्याचे सौंदर्य कोणाच्या कामी आले?

कायद्याचा आधार आहे असे म्हणावे तर तोही वर्षांगणिक पातळ होत चालला आहे. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरांचा पट्टा नियमांच्या कक्षेत आणला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले दोनशे मीटर नव्या बांधकामास बंद ठेवण्यात आले. पुढे दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. २०११ साली नवी अधिसूचना आली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी आणखी एक. या शेवटच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरमागे २१६१ हून अधिक लोक असतील तेथे, किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरांवरून पन्नास मीटरांवर आणण्याची मुभा दिली. पर्यटकांच्या सोयीसाठी तात्पुरत्या झोपड्या वगैरे भरतीच्या रेषेपासून दहा मीटरांपर्यंतही चालतील असे ठरले. वाचकहो, आपल्या अंगणात दोरी घेऊन पन्नास मीटर मोजून पाहा. चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत जेमतेम तेवढे अंतर भरेल. समुद्राला आणि माणसाच्या हव्यासाला वेगळे ठेवण्यासाठी एवढीच जागा उरते.

आपण वसईकर लढायला घाबरणारे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. हिरवी वसई, विहिरींचे पाणी आणि सामान्य माणसाची निर्भयता यांसाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांत आपल्या आया-बहिणी पुढे होत्या. २००९ साली महानगरपालिका आली तेव्हा गावे वगळा म्हणून आपण पुन्हा उठलो. महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ च्या प्रारूप आराखड्यावर आपल्या लोकांनी हजारोंच्या संख्येने हरकती नोंदविल्या. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत आपल्यातून गेले. त्यांच्या अंत्ययात्रेनंतर ‘आता असा आवाज पुन्हा होणे नाही’ असे आपण एकमेकांना म्हणालो. पण त्या लढ्याचे सार आपण विसरलो की काय, अशी आम्हांला शंका येते. तो लढा धनदांडग्यांविरुद्ध होता. भाड्याच्या खोलीतून रविवारी समुद्र पाहायला येणाऱ्या माणसाविरुद्ध तो कधीच नव्हता. आज धनदांडग्याला वाडी विकून आलेले आपण गरिबाला मात्र ‘बाहेरचा’ म्हणू लागलो, तर हिरव्या वसईच्या चळवळीचे याहून कडू फळ दुसरे कोणते असेल?

मग करावयाचे काय, असे विचारले जाईल, आणि ते विचारलेच पाहिजे. नुसता विरोध करणे सोपे असते. आमच्या सूचना साध्या आहेत. सर्व वाहने सुरूंच्या अलीकडेच थांबावीत. वाळूवर एकही चाक जाऊ नये, मग ते पाहुण्याचे असो वा पंचक्रोशीतील प्रतिष्ठिताचे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटांची गावाने नोंद करावी, नकाशे काढावेत आणि एकही वाट कोणाच्या कुंपणात गेली तर तत्काळ हरकत घ्यावी. वाहने थांबतात तेथेच स्वच्छतागृह असावे, कारण स्त्रियांना त्यावाचून समुद्र पाहणेही दुरापास्त होते. भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक आणि सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षित जीवरक्षक असावेत; ही आपल्या मुलांना मिळू शकणारी मानाची नोकरी आहे. वाटेवर आपल्या बायकांनी सुकेळी, शहाळी, केळी, भाजी विकावी. पाहुण्याने दहा रुपये दिले तर ते थेट घरात येतील. पोलिसांनी दारूड्यांना पकडावे, डबा घेऊन आलेल्या कुटुंबाला हटकू नये. आणि मर्यादवेलीला कोणी हात लावू नये. एवढे केले तर पदपथ, कारंजे, रंगीत दिवे यांची गरज कोणालाच भासणार नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांनी वर्सोव्याकडे पाहावे. २०१५ साली तेथे अफरोज शहा या तरुण वकिलाने कचरा उचलण्यास सुरुवात केली. हळूहळू शेकडो हात लागले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिले वाळूतून पाण्याकडे जाताना लोकांनी पाहिली. त्यासाठी फाटक बसविले नव्हते की सुशोभीकरणाची निविदा काढली नव्हती. लोक आले, वाकले आणि उचलू लागले. मुंबईच्या पोटात जे झाले ते आपल्या निवांत किनाऱ्यावर होऊ नये काय?

त्या मंगळवारी परत निघताना पाहुण्यांना भूक लागली. ते म्हणालेच, "येथे एखादे चांगले हॉटेल असते तर बरे झाले असते." आम्ही पिशवीतून सुकेळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी खाल्ली. मत बदलले की नाही ठाऊक नाही. एका सकाळीत मते बदलत नाहीत. आमचेही मत बदलायला कित्येक वर्षे आणि सुरूच्या बुंध्याशी बांधलेली ती कचऱ्याची पिशवी लागली.

फाटकाचा ठराव पुढील बैठकीत पुन्हा येणार आहे. तेथे आम्ही विरोधात हात वर करणार आहोत, एकटे पडलो तरी. आपणही यावे, बोलावे. आमचे म्हणणे चुकत असेल तर चारचौघांत खोडून काढावे. त्याआधी एक विनंती. उपवासकाळ जवळ आला आहे. त्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर मुलाबाळांसह समुद्रावर जावे. गाडी लांब ठेवून चालत जावे. पाणी व खाणे घरून न्यावे, दोन रिकाम्या गोण्याही न्याव्यात. स्वतःचा कचरा आणि शेजारच्या कोणाचा तरी कचरा त्यांत भरावा, आणि त्या झाडाखाली न ठेवता उचलून घरी आणाव्यात. मग बैठकीला यावे आणि फाटक कोणासाठी हवे ते सांगावे.